रामटंक, शिवराई, राणीछाप: हातातलं नाणं नेमकं कोणत्या धातूचं, हे घरच्या घरी कसं ओळखावं

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकू देव्हाऱ्यातलं एक नाणं रुमालात बांधून घेऊन आल्या. पांढरंशुभ्र, जुन्या रुपयापेक्षा थोडं मोठं. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी मारुती, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी आणि साल १८१८. नाशिकच्या गोदाघाटावर एका पथारीवाल्याने 'कंपनीच्या काळातलं शुद्ध चांदीचं रामटंक' म्हणून ते त्यांना साडेतीन हजारांना दिलं होतं. "अरे, मला ते मोडायचं नाहीये, देवाचं आहे. पण फसले की नाही, तेवढं तरी कळू दे," काकू म्हणाल्या.

त्यांच्या प्रश्नात दोन प्रश्न होते. नाणं खरंच १८१८ चं आहे का, हा एक. ते चांदीचं आहे का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या वाटेने शोधावी लागतात आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते. नाणं नवं ठरलं की धातूही खोटाच, असं लोक धरून चालतात. सराफ 'चांदी आहे' म्हणाला की नाणंही जुनंच असणार, असं वाटतं. खऱ्या चांदीत पाडलेली नवी राणीछाप दिवाळीला पुजेसाठी सर्रास विकली जाते. म्हणून धातू आधी स्वतंत्रपणे ओळखायला शिका.

आधी ठरवा: नक्कल की कल्पनेतलं नाणं

नक्कल म्हणजे खऱ्या नाण्याची प्रतिकृती: शिवराई (शिवकालीन तांब्याचं नाणं), होन (सोन्याचं नाणं), व्हिक्टोरिया राणीचा रुपया. अस्सल नाण्याचं वजन, व्यास आणि धातू माहीत असल्यामुळे तुलना करता येते. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर जुना एक तोळा. 'रुपयाभार' हा शब्द आपल्याकडे त्यातूनच आला. त्यात ९१.७ टक्के चांदी होती.

काकूंचं नाणं दुसऱ्या जातीचं. असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. कंपनीची साऱ्या मुलखासाठी एकसारखी नाणी १८३५ पासून सुरू झाली. त्याआधी बंगाल, मुंबई आणि मद्रास इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. मद्रासच्या काही सोन्याच्या पगोडांवर देवांच्या आकृत्या होत्या, हे खरं. पण एका बाजूला रामपंचायतन, दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव आणि १८१८ असं नाणं कुठल्याच टाकसाळीतून निघालं नाही. काहींवर तर 'यूकेएल वन आणा' अशी अर्थहीन अक्षरं असतात. अस्सलच नसल्यामुळे वजन कशाशी ताडून पाहायचं, हाच प्रश्न येतो. एकाच छापाची नाणी बारा ग्रॅमचीही सापडतात आणि पंचवीस ग्रॅमचीही. इथे पुस्तकातलं कोष्टक कामाचं नाही, धातूलाच विचारावं लागतं.

लागणारं सामान

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक ताकदीचं निओडिमियम चुंबक, शिवणाचा बारीक दोरा, प्लास्टिकचा हलका कप आणि साधं पाणी. व्यास आणि जाडी मोजायला व्हर्निअर असेल तर उत्तम. काटा रोज तपासून घ्या: २०११ च्या मालिकेतलं दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं आणि पाच रुपयांचं ६ ग्रॅमचं असतं. कमी वापरलेली दोन-चार नाणी घेऊन सरासरी पाहिली की काटा खरं सांगतो का ते कळतं.

पहिली पायरी: भिंगातून कड पाहा

दर्शनी बाजू पाहून कुणाला काही कळत नाही, कारण मुलामा तिथे सगळ्यात चांगला बसलेला असतो. कड पाहा आणि उंचवटे पाहा. काकूंच्या नाण्यात मारुतीच्या गुडघ्यावर आणि कडेच्या दोन-तीन दात्यांवर पांढरा रंग जरा वेगळा होता. बाकी नाणं दुधासारखं, तिथे मात्र किंचित पिवळसर झाक. मुलामा झिजून खालचा धातू डोकावू लागला की असंच दिसतं.

ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोलसर, मऊ दिसतात, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कडेवर साच्याची शिवण किंवा ती घालवताना पडलेल्या कानशीच्या रेघा दिसतात. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं धारदार असतात. मात्र हल्लीची बरीचशी बनावट नाणीही ठशानेच पाडतात, तेव्हा धारदार अक्षरं दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका.

काळपटपणावरही विसंबू नका. तो रसायनाने एका दिवसात आणता येतो. असा काळा रंग खोबणीत आणि उंचवट्यांवर सारखाच बसतो, वापरलेल्या नाण्यात तो खोबणीत जास्त आणि उंचवट्यांवर कमी असतो.

दुसरी पायरी: चुंबक

रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या चुंबकाला हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी चिकटतात, कारण ती पोलादाची असतात. तांब्याचा जुना पैसा खाली तसाच राहतो. धातूशास्त्राचा पहिला धडा त्या घाटावरच मिळतो: चिकटलं तर आत लोखंड किंवा निकेल आहे, एवढंच नक्की.

न चिकटण्याला मात्र फारसा अर्थ नाही. चांदी, तांबं, पितळ, जस्त, शिसं किंवा जर्मन सिल्व्हर नावाचा पांढरा मिश्रधातू, यातलं काहीच चिकटत नाही. 'बघा, चुंबकाला लागत नाही, म्हणजे चांदी' असं कुणी दाखवलं तर पुढच्या दुकानात जा. उलटही घडतं: मागे वाघ असलेला १९४७ चा रुपया अस्सल असूनही चुंबकाला चिकटतो, कारण तो निकेलचाच आहे.

चुंबकाचा याहून उपयोगी प्रयोग म्हणजे घसरण. नाणं ४५ अंशांच्या कोनात तिरपं धरा आणि त्यावर छोटं निओडिमियम चुंबक सोडा. चांदी आणि तांब्यावरून ते अडखळत, मधात पडल्यासारखं सावकाश उतरतं. या धातूंतून वीज चांगली वाहते, त्यामुळे हलत्या चुंबकाला विरोध होतो. पितळेवर ते बऱ्यापैकी वेगाने जातं, जर्मन सिल्व्हर किंवा शिशावरून जवळजवळ सरळ खाली. काकूंच्या नाण्यावरून चुंबक झटकन घसरलं. माझ्या मनात शंका पक्की झाली ती त्या क्षणी. तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर मात्र हा प्रयोग फसवतो.

तिसरी पायरी: पाण्यातलं वजन

या लेखातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. ते नीट केलं तर पुढचं निम्मं आपोआप सुटतं.

आधी कोरड्या नाण्याचं वजन लिहून घ्या. मग कपात पाणी भरून कप काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला दोऱ्याची एक सैल गाठ मारा, दोरा हातात किंवा एखाद्या काडीला बांधून नाणं पूर्ण बुडेल असं पाण्यात सोडा. ते तळाला किंवा बाजूला लागता कामा नये. काट्यावर आता जो आकडा दिसतो तो नाण्याच्या वजनाचा नाही, नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा आहे. कोरडं वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता.

काकूंचं नाणं १७.४२ ग्रॅम भरलं. पाण्यात तीनदा मोजलं: २.०२, २.०३, २.०३. १७.४२ ला २.०३ ने भागलं की ८.५८ येतात. शुद्ध चांदीची घनता १०.४९. तेवढ्याच वजनाचं नाणं चांदीचं असतं तर काट्यावर १.६६ दिसलं असतं. १.६६ आणि २.०३ यातला फरक काट्याच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे. इथे वादाला जागाच उरत नाही.

हे आकडे वहीत उतरवून ठेवा. सोनं १९.३२, शिसं ११.३४, चांदी १०.४९, तांबं ८.९६, निकेल ८.९१, लोखंड ७.८७, कथील ७.३१, जस्त ७.१४, ॲल्युमिनियम २.७०. मिश्रधातूंत राणीछापची चांदी १०.३४ च्या आसपास, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाची घनता साडेनऊच्या जवळ, पितळ ८.४ ते ८.७, जर्मन सिल्व्हर साधारण ८.६ ते ८.८, तांबं-निकेल ८.९ आणि २२ कॅरेटचं सोनं साडेसतरा ते अठरा.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, हे इथेच सांगून टाकतो. तांबं, निकेल आणि जस्त, बस्स. नाव ऐकून आपल्याकडे अजूनही माणसं फसतात.

चुका कुठे होतात? नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे घनता कमी दाखवतात. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणं बुडवून हलकेच हलवा. जाड दोरा वापरू नका. पंख्याखाली मोजू नका. आणि नाणं लहान असेल तर घरगुती काट्यावर भरवसा ठेवू नका. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप राजा नहपानाची नाणी होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. अशी नाणी दोन-सव्वादोन ग्रॅमची, आणि त्यांच्या नकलाही बाजारात आहेत. इतकं लहान नाणं फक्त ०.२१ ग्रॅमच्या आसपास पाणी सारतं. काटा ०.०१ ने चुकला की उत्तर पाच टक्क्यांनी हलतं. तिथे ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो.

माझ्याकडचं दुसरं एक १८१८ चं नाणं तांबूस आहे, भांडी बाजारातल्या नव्या हंड्यासारखं झळझळीत. वजन २४.३६, पाण्यात २.८८, घनता ८.४६. तांब्याचं असतं तर पाण्यात २.७२ दिसलं असतं. कड भिंगाखाली धरली आणि एका दात्यावर पिवळा ठिपका दिसला. पितळेवर तांब्याचं पाणी. विकणाऱ्याने त्याला 'अष्टधातू' म्हटलं होतं.

होनाच्या नकलेत तर पाण्याचीही गरज पडत नाही. अस्सल होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा. त्याच आकाराचा आणि जाडीचा पितळी होन त्याच्या निम्म्या वजनालाही जेमतेम पोचतो. राणीछापची नक्कल जर्मन सिल्व्हरमध्ये त्याच मापाची केली तर ती पावणेदहा ग्रॅमच्या जवळ भरते. वजन ११.६६ वर आणायचं तर नाणं जाड करावं लागतं, आणि व्हर्निअर ते लगेच पकडतं. एकच गोष्ट मोजणाऱ्याला बनवणारा चुकवू शकतो. वजन, व्यास आणि जाडी एकत्र मोजली की त्याची पंचाईत होते.

चौथी पायरी: आवाज

नाणं बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि लाकडी पेन्सिलीने हलकेच टोला द्या. फरशीवर आपटू नका, कड चेपते. चांदी खणखणते आणि आवाज रेंगाळतो. शिसं-कथलाचं नाणं बद्द वाजतं. ही परीक्षा दुय्यम वाटते, पण एका जागी ती फार कामाला येते. शिसं चांदीपेक्षा जड, कथील हलकं. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर घनता चांदीजवळ आणता येते. पाणी फसतं ते इथे. आवाज मात्र फसत नाही. पण तडा गेलेलं अस्सल नाणंही बद्द वाजतं, हे विसरू नका.

पाचवी पायरी: सराफ बाजारात टंच (धातूची शुद्धता) काढणं

कसोटीचा दगड आणि तेजाब हे सराफाचं काम, घरात करू नका. नत्राम्लातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसांना घातक असतो. शिवाय दगडावर उतरणारी रेघ वरच्या कातडीची असते. मुलामा असेल तर कस मुलाम्याचाच लागतो. खरं कळायला कडेवर कानस लावून खालचा धातू उघडा करावा लागतो. नवं, बाजारू नाणं असेल तर हरकत नाही. अस्सल निघण्याची जराशीही शक्यता असेल तर कानस आणि तेजाब दोन्हींना ठाम नकार द्या. एका ओरखड्याने संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत कोसळते.

हल्ली नाशिकच्या सराफ बाजारात क्ष-किरणांचं टंच मशीन वापरून मिनिटभरात धातूंची टक्केवारी काढून मिळते आणि नाण्याला इजा होत नाही. इथे आमची गंमत झाली. काकूंच्या नाण्याचं पहिलं माप सपाट भागावर घेतलं आणि पडद्यावर चांदी अडतीस टक्के आली. काकूंचा चेहरा उजळला. पण आमच्याकडे घनतेचा ८.५८ हा आकडा होता. इतकी चांदी खरंच आतपर्यंत असती तर घनता नवाच्या वर गेली असती. किरण जेमतेम केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीपर्यंतचं पाहतात, म्हणजे मुलामा आणि खालचा धातू यांची सरमिसळ दाखवतात. मी सराफांना म्हटलं, "दादा, आता कडेचा हा झिजलेला भाग खाली धरा ना." तिथे चांदी दोन टक्क्यांवर आली, बाकी तांबं, जस्त आणि निकेल.

म्हणून मशीनवर दोन मापं मागा, एक सपाट भागाचं, एक झिजलेल्या कडेचं. आणि फक्त चांदीचा आकडा घेऊन परतू नका, सगळ्या धातूंची यादी मागा. दागिन्यांच्या दुकानात नुसता शुद्धतेचा आकडा सांगायची सवय असते. निकेल आणि जस्त दिसलं की जर्मन सिल्व्हर, तांबं आणि जस्त म्हणजे पितळ, जस्तच ऐंशी-नव्वद टक्के असेल तर स्वस्त ओतीव माल.

जमिनीत पुरलेल्या प्राचीन नाण्यांत वेगळीच अडचण येते. शेकडो वर्षांत वरच्या थरातलं तांबं झिरपून जातं आणि चांदी उरते, त्यामुळे मशीन शुद्धता वाढवून दाखवतं. अशा नाण्यासाठी अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जाणकारांना विचारावं. ही संस्था १९८० पासून याच विषयाला वाहिलेली आहे. तिथली अस्सल नाणी एकदा डोळ्यांखालून घातली की नकलांकडे पाहायची नजरच बदलते. जाण्याआधी फोन करून वेळ मात्र विचारून घ्या. आणि शेतात नांगरताना नाणी मिळाली तर ती सराफाकडे नेऊ नका. १८७८ च्या भूगर्भनिधी कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

दोन उत्तरं जुळली नाहीत तर

घनता ८.९ आली तर धातू तांबंही असेल, तांबं-निकेलही आणि निकेलही. रंग आणि चुंबक मिळून निकाल लावतात: लालसर असेल तर तांबं, पांढरं आणि चुंबकाला लागणारं ते निकेल, पांढरं पण न लागणारं ते तांबं-निकेल किंवा चांदीचा मुलामा दिलेलं तांबं. या शेवटच्या दोघांत चुंबकाची घसरण फरक दाखवते. घनता दहाच्या वर, आवाज खणखणीत, घसरण सावकाश आणि कडेवरही टंच तेच, असं सगळं जुळलं तरच चांगल्या कसाची चांदी म्हणा. एकही उत्तर विरुद्ध गेलं तर थांबा, पुन्हा मोजा. माझा अनुभव असा, की दहातल्या आठ वेळा चूक पाण्यातल्या वजनात सापडते, बहुतेकदा बुडबुडा.

'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून याच रामटंकाच्या जातीची नाणी लाखोंच्या भाषेत विकायचा प्रयत्न होतो. तांदूळ ओढणारा धातू अस्तित्वात नाही. धातू तपासायला न देणाऱ्या माणसाशी तिथेच बोलणं संपवा आणि पोलिसांना कळवा. सिंहस्थ जवळ आला आहे, घाटावर गर्दी वाढेल आणि असा मालही वाढेल. काटा आणि चुंबक खिशात मावतात. घेण्याआधी निदान कड पाहायला आणि चुंबक घसरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

काकूंना मी एका छोट्या पाकिटावर लिहून दिलं: 'जर्मन सिल्व्हर, वर चांदीचा मुलामा. १७.४२ ग्रॅम, घनता ८.५८. नवीन बनावटीचं, कंपनीचं नाही.' प्रत्येक तपासलेल्या नाण्यासोबत असं पाकीट ठेवा. उद्या आपल्या माघारी मुलं ते विकायला काढतील तेव्हा नकळत दुसऱ्या कुणाला फसवणार नाहीत. काकूंनी पाकीट वाचलं, घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं आणि नाणं परत ताम्हणात ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं.